अंगठ्याचं माप

बोटीचा ड्राइव्ह, म्हणजे इंजिन आणि पाण्यातला पंखा जोडणारा गिअरचा डबा, आला तो हातगाडीवरून, ताडपत्रीत गुंडाळलेला. दोघा हमालांनी तो उचलून कामाच्या टेबलावर ठेवला आणि ताडपत्री परत न्यायची म्हणून तिथल्या तिथे सोडवून घेतली. मागोमाग बोटीचे मालक आत आले. सवयीने बाबांच्या स्टुलाकडे वळले, स्टूल रिकामं दिसल्यावर मधेच थांबले.

"बाळ," ते म्हणाले. ती चाळिशीला टेकली होती, पण बाबांच्या वयाच्या सगळ्यांना ती अजून बाळच. "उघड, बघ, आणि दोन ओळी लिहून दे. शुक्रवारी समितीपुढे ठेवायच्यात."

"काय लिहू?"

"जे आहे ते. टिल्लूने गिअर आपटला आणि दाते गेले. अख्ख्या क्लबला माहीत आहे."

टिल्लू हा त्यांच्या शर्यतीच्या बोटीचा चालक. अंगाने किडकिडीत, म्हणून टिल्लू. वजनाला हलका म्हणून तर त्याला बोट मिळाली होती. महिना-दीड महिन्यापूर्वीच्या शर्यतीत तो सगळ्यांच्या पुढे होता. तिसऱ्या वळणावर ड्राइव्हचे दाते तुटले, बोट आडवी झाली आणि टिल्लू बाहेर फेकला गेला. खांदा मोडला. मालकांचं म्हणणं असं, की सुरुवातीलाच इंजिन चढलेलं असताना त्याने गिअर टाकला, तिथेच दाते दुखावले. समितीला हे पटलं तर त्याचा परवाना जाणार होता, आणि परवाना गेलेल्या चालकाला कुठलाच मालक दारात उभं करत नाही.

तो ड्राइव्ह बाबांनी बांधला होता. त्यांच्या हातचा तो शेवटचा. शर्यतीआधी आठ दिवस त्यांनी त्यातली गिअरची जोडी बदलली होती, आणि शर्यतीनंतर तीन आठवड्यांनी ते गेले होते.

मालक गेल्यावर तिने तेल काढलं. तेल काळं होतं आणि तळाशी पोलादाचा चुरा बसला होता, बोटांत चोळला तर वाळूसारखा लागणारा. मग झाकण काढलं. आत वरून येणाऱ्या दांड्याचा लहान गिअर आणि पंख्याच्या दांड्यावरचा मोठा गिअर, एकमेकांत अडकलेले. इंजिनाची सगळी ताकद या दोघांतून पंख्यापर्यंत जाते. मोठ्या गिअरचे पाच दाते गेले होते.

तिने आधी क्लच बघितला, गिअर टाकला की मोठा गिअर पंख्याच्या दांड्याशी जोडणारा. गिअर आपटला की पहिला मार खातो तो क्लचचा दाता: त्याचे कोपरे झिजतात, गोल होतात, टवके उडतात. तिने दिवा जवळ ओढला. क्लचचे कोपरे धारदार होते. नख फिरवलं तर नखाचा चुरा निघाला. कुणी गिअर आपटल्याची एक खूण नव्हती.

तिने चिंधीने मोठ्या गिअरवरचं तेल पुसलं. मग उरलेल्या दात्यांकडे वळली. ते दाते फक्त बाहेरच्या कडेला चकाकत होते. मधे, जिथे सगळा भार पडायला हवा, तिथे नव्यासारखे कोरे.

याचा अर्थ तिला बाबांनीच शिकवला होता, वयाच्या सोळाव्या वर्षी, याच टेबलाशी. दोन गिअरच्या दात्यांमध्ये केसाएवढी फट ठेवावी लागते. तिला प्ले म्हणतात. मोठ्या गिअरच्या मागे कागदासारख्या पातळ पोलादी चकत्या असतात; चकती घातली की फट कमी होते, काढली की वाढते. बाबा ते आल्यागेल्याला समजावून सांगत. "नवरा-बायकोसारखं आहे. अजिबात अंतर नसलं तर जळतात. जास्त झालं तर आपटतात."

"म्हणून तर तुम्ही दिवसभर वर्कशॉपमध्ये बसता," डबा घेऊन आलेली आई म्हणायची, आणि बाबा सगळ्यांत मोठ्याने हसायचे.

ही फट मोजायला काट्याचं डायल असतं. बाबांचं डायल पेटीत मखमलीवर झोपलेलं असायचं. ते गिअर अंगठ्याने हलवून बघत आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागात आकडा सांगत. वीस. बावीस. कुणी खात्री करायला डायल लावलं, तर काटा बाबांच्या आकड्यावर येऊन थांबायचा. दुसऱ्या गावांहून लोक हे बघायला यायचे. 'अंगठाबहाद्दर' म्हणून त्यांची थट्टाही व्हायची, आणि त्यांना ती आवडायची.

शेवटच्या वर्षी औषधांनी त्यांच्या बोटांची टोकं बधिर झाली. गरम कप हातात धरून ठेवायचे, भाजतंय हे कळायचं नाही. सकाळी शर्टाची बटणं तीच लावून द्यायची. दोघांपैकी कुणी त्यावर एक अक्षर बोलत नसे. बाबा मान वर करून छताकडे बघत राहायचे, लहान मूल बघतं तसे. मग दोघं मिळून वर्कशॉपमध्ये यायचे आणि बाबा पाना उचलायचे.

टिल्लू जिच्यात फेकला गेला ती आखूड शर्यत होती, वळणांची. बोट पटकन उचलली पाहिजे म्हणून मालकांनी जोडी बदलून मागितली होती. बाबांनी नवे गिअर बसवले, अंगठा टेकवला, हलवलं. आकडा सांगितला नाही. एक चकती काढली. पुन्हा हलवलं. आणखी एक काढली. पुन्हा. मग म्हणाले, "हं, आता लागतोय. वीस." ती शेजारी झाकणाचे बोल्ट पुसत होती. पेटी तिच्या हाताच्या अंतरावर होती. लावू का डायल, एवढंच विचारायचं होतं. तिने बोल्ट पुसले.

दोन दिवसांनी टिल्लू बोट फिरवून आला होता. "उस्ताद, खालून टकटक येतंय हो. गिअर टाकला की जास्तच."

"नवी जोडी आहे. वाजणारच."

"पण उस्ताद, वळणावर पण..."

"बोट तू चालव. ऐकायचं काम माझं. का आता मला शिकवणार?"

टिल्लूने तिच्याकडे बघितलं होतं. तिने पान्यांचा ट्रे उगाच सरळ केला होता.

आता तिने नव्या जोडीचं खोकं फोडलं. बाबांनी घातलेल्या चकत्या होत्या तशाच ठेवल्या, एकही न हलवता, आणि त्यांच्यावर नवे गिअर बसवले. प्रत्येक जोडी थोडी वेगळी, पण फरक पडला तर दोन-चार आकड्यांचा. तिने पेटी उघडली, डायल लावलं, पंख्याचा दांडा दाबून धरला आणि गिअर हलवला.

एकेचाळीस.

गिअर फिरवून दुसऱ्या जागी मोजलं. चाळीस. तिसऱ्या जागी एकेचाळीस. डायलमध्ये दोष असेल म्हणून ते काढून पुन्हा बांधलं. मग दात्यांना निळा रंग लावून गिअर फिरवले आणि रंग कुठे पुसला जातो ते पाहिलं. बाहेरच्या कडेला. बधिर अंगठ्याला वीसचा प्ले जाणवलाच नव्हता. जाणवेपर्यंत तो चकत्या काढत गेला होता.

चोर सोडून संन्याशाला, एवढं तिच्या मनात आलं आणि ती तिथेच थांबली, कारण म्हण पुरी केली असती तर त्यातला चोर कोण ते ठरवावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी मालक आले तेव्हा तिने त्यांना निळा रंग दाखवला. डायल दाखवलं. त्यांना कळायला वेळ लागला नाही. तीस वर्षं बोटी होत्या त्यांच्या. ते टेबलाच्या कडेवर बोट फिरवत राहिले.

"हे आणखी कुणी बघितलंय?"

"नाही."

"मग झाकण लाव, बाळ. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुझ्या बाबांनी चाळीस वर्षांत एक काम बिघडवलं, ते पण आजारपणात. लोकांना ते एकच लक्षात राहील. तुलाही इथे काम करायचंय ना? उद्या कोण देईल ड्राइव्ह या दारात?"

"आणि टिल्लू?"

"तो काय, तरुण आहे. दुसरं काहीतरी करेल." मग आवाज उतरवून म्हणाले, "मी त्याला त्याच दिवशी सगळ्यांसमोर नाही नाही ते बोललो. ते आता कुठे ठेवू?"

संध्याकाळी तिने आईला सांगितलं. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली, घड्या घालणं न थांबवता.

"बाबांना कळलं होतं का?" तिने विचारलं.

"मला काय विचारतेस? गिअरमधलं मला काय कळतं?" आईने एक टॉवेल पुन्हा उलगडला, पुन्हा त्याची घडी घातली. "शर्यतीनंतर एकदाही झोपले नाहीत नीट. दुखतंय म्हणायचे. मी दुखण्याची गोळी देत होते." मग म्हणाली, "माणूस एकदाच मरतो ना गं? की तू परत मारणार आहेस?"

"आई, त्या मुलाचा खांदा मोडलाय."

"मोडलेला खांदा तुझ्या कागदाने जोडला जाणार आहे?"

आईने घड्यांची चळत उचलली आणि आत नेली, आणि बराच वेळ आतून कपाटाच्या दारांचा आवाज येत राहिला.

गुरुवारी तिने अहवाल लिहिला. पाच ओळींचा झाला. क्लच निर्दोष. प्ले एकेचाळीस, हवा होता वीस. जोडणीतली चूक, चालकाची नाही. चौथ्या ओळीत बाबांचं नाव लिहिताना पेन थबकलं, म्हणून तिने ती ओळ दुसऱ्या कागदावर एकदा लिहून पाहिली आणि मग खऱ्या कागदावर उतरवली. पाचवी ओळ अशी: 'जोडणी करणाऱ्याच्या बोटांतली संवेदना गेली आहे हे मला ठाऊक होतं. मी शेजारी होते. मी डायल लावलं नाही.' खाली सही केली आणि स्वतः नेऊन क्लबच्या कारकुनाच्या हातात दिली.

शुक्रवारी समितीने टिल्लूचा परवाना कायम ठेवला. मालकांनी तिला रस्त्यात ओळख दाखवली नाही. शनिवारी आधी कबूल केलेली दोन कामं दुसरीकडे गेल्याचं कळलं. यातलं काहीच तिला अनपेक्षित नव्हतं. तिने अहवालाची नक्कल घेतली आणि टिल्लूचं घर शोधत गेली.

दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. दार उघडून त्याची बायको बाजूला झाली. टिल्लू खिडकीशी खुर्चीवर बसला होता. उजवा हात पट्टीतून सुटला होता, पण मांडीवर ठेवलेल्या वस्तूसारखा पडला होता. तिने कागद दिला. त्याने तो डाव्या हाताने धरला आणि सावकाश वाचला, मग पहिल्यापासून पुन्हा.

"परवाना राहिला म्हणाले," तो म्हणाला.

"हो. मालक नसतील घेत, तर दुसरं कुणी..."

"ताई, हे बघा." त्याने उजवा हात उचलला. तो छातीपर्यंत आला, थरथरला आणि तिथे थांबला. त्याच्या कपाळावर घाम आला तेव्हा त्याने तो खाली सोडला. "स्टिअरिंग याच्या वर असतं. डॉक्टर म्हणतात एवढाच."

तिला काहीतरी म्हणायचं होतं. वाटेत तिने ते जुळवूनही ठेवलं होतं.

"त्या दिवशी मी टकटक म्हणालो, तेव्हा तुम्ही होतात तिथे."

"होते."

"तुम्हाला कळलं होतं?"

"शंका आली होती."

"उस्तादांना मी उलट बोलू शकत नव्हतो. ते मला शिकवत होते. तुम्ही तर बोलू शकत होतात, ताई. तुमचे वडील होते ते." आवाजात राग नव्हता. एखादं जोडकाम कुठे चुकलं ते शोधावं तसा तो विचारत होता. "का नाही बोललात?"

बाबा छताकडे बघायचे, हे त्याला कसं सांगायचं ते तिला सुचेना. सांगितलं असतं तरी ते उत्तर नव्हतं.

"त्यांना वाईट वाटलं असतं," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. कागदाची घडी एका हाताने घालायला गेला, जमेना, तेव्हा तसाच खिडकीच्या कठड्यावर ठेवला. आतल्या खोलीतून बायकोने विचारलं, "अहो, चहा टाकू का? त्या घेतील ना?"

"नको," टिल्लू म्हणाला. "त्या निघाल्यात."

ती अजून बसलेली होती. मग उठली.