नेत असावे

"अहो बाई, ते प्रोटीन काढून टाकलं, तांबं दुप्पट घातलं, तरी ते मेले बॅक्टेरिया मजेत जगतायत!"

वरच्या प्रयोगशाळेतली पोरगी सकाळपासून तिसऱ्यांदा खाली आली होती. नोंदणीबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. जिवाणूंत सापडलेलं प्रत्येक प्रथिन काय करतं, याची नोंद ठेवणं हे त्यांचं काम. एकवीस वर्षं तेच.

"मग नसेल ते प्रोटीन तांबं बाहेर वाहून नेत. नेत असतं, तर ते काढल्यावर तांब्याच्या विषानं मेले असते."

"नसेल कसं? पाच पेपरांत छापलंय. सर म्हणतात, प्रोटीन बरोबर आहे, तुझ्याच हाताला वळण नाही. महिनाअखेर रिझल्ट नाही दिला तर घरी बस म्हणाले."

"आण ते पाच पेपर. वैताग नुसता!"

पाचव्यानं चौथ्याचा हवाला दिला होता, चौथ्यानं तिसऱ्याचा. स्वतः करून पाहिलेलं कुणीच नव्हतं.

"मेंढरं आहेत मेंढरं!" बाई करवादल्या. "पहिला शहाणा कोण ते सापडू दे, कानच उपटते त्याचे."

पहिल्या पेपरच्या तळाशी आधार दिला होता तो याच संस्थेच्या नोंदीचा. बाईंनी ती पडद्यावर उघडली. 'तांबे वाहून नेते.' मग कपाटातून जुनं कार्ड काढलं. त्यावर त्यांच्याच अक्षरात होतं, 'तांबे वाहून नेत असावे.' संगणकावर चढवताना रकाना अपुरा पडला, म्हणून 'नेत असावे'चं 'नेते' झालं होतं. चढवणाऱ्याही त्याच.

पोरगी त्यांच्या खांद्यावरून वाचत होती. "म्हणजे माझा हात..."

"तुझ्या हाताला काय धाड भरलीय!" बाई खेकसल्या.

"दोन वर्षं, बाई."

बाईंनी रकाना पुसून लिहिलं, 'कार्य माहीत नाही.' यंत्रानं बदलाचं कारण विचारलं. यादीत 'नवा पुरावा' होता, 'टंकनदोष' होता. टंकनदोषाशी बोट जरा रेंगाळलं. मग 'इतर' निवडून त्यांनी लिहिलं, 'मी अंदाज केला होता.' खाली आपलं पूर्ण नाव.

"सरांना कसं सांगू मी हे?"

"तू कशाला सांगतेस?" बाईंनी कागद छापून घेतला. "चल. आणि मधे बोलू नकोस, आधीच डोकं फिरलंय माझं."

दुसऱ्या मजल्यावर त्यांना धाप लागली. पोरीनं कागद घ्यायला हात पुढे केला. बाईंनी तो दिला नाही.