अडवणारा लेट

मी एक जुना शब्द आहे. मित्रांनो, इंग्रजीत माझे नाव 'लेट' आणि व्याकरणात माझी ओळख क्रियापद. वय हजार वर्षांच्या पुढे. माझा अर्थ 'अडवणे'. तुम्ही लगेच म्हणाल, काहीतरीच काय, लेट म्हणजे तर 'होऊ देणे'! हीच माझी जन्माची कटकट आहे. या कटकटीपायी एकदा एका अख्ख्या गल्लीची वाट भिंतीत गाडली जाणार होती आणि मी कागदावर पडल्या पडल्या ते पाहत होतो.

माझा जन्म 'मंद, सुस्त' अशा अर्थाच्या एका विशेषणाच्या घरात झाला. एखाद्याला मंद करणे, त्याला उशीर लावणे हे माझे पहिले काम. तुम्ही 'गाडी लेट आहे' म्हणता ना, तो लेट माझ्याच घरातला. उशीर लावता लावता मी रस्ता अडवायलाही शिकलो. पुराने वाटसरूला रोखले, आजारपणाने राजाला रोखले, की लिहिणारे मला बोलावत. मला फार मान होता तेव्हा, खोटे कशाला सांगू.

त्याच काळात दुसऱ्या एका घरात आणखी एक क्रियापद वाढत होते. त्याचा मूळ अर्थ सोडणे, मागे ठेवणे. तेव्हा आमचे उच्चार निराळे होते, त्यामुळे भांडण नव्हते. पण शतकानुशतके लोकांच्या तोंडात घोळून आम्ही दोघेही झिजलो आणि दोघांचाही 'लेट' झाला. तो सोडणारा, मी अडवणारा, आणि हाक एकच. तो भारी चलाख निघाला. सोडण्यावरून तो 'होऊ देणे' वर गेला, मग घरे भाड्याने देऊ लागला. 'टू लेट' ही पाटी त्याचीच. 'लेट्स गो' म्हणत तो सगळ्यांना हाताला धरून नेऊ लागला. माझी कामे हिंडर, प्रिव्हेंट, ऑब्स्ट्रक्ट या मंडळींनी वाटून घेतली. कोशात माझ्या नावापुढे 'जुना प्रयोग' असा शिक्का बसला. टेनिसमध्ये सर्व्हिसचा चेंडू जाळीला लागून पलीकडे पडला की पंच 'लेट' म्हणतो, तो मीच, असे बहुतेक जाणकार मानतात. एरवी काही देशांच्या पासपोर्टवर आणि जुन्या दस्तांत मी 'हिंडरन्स'चा, म्हणजे अडथळ्याचा, हात धरून उभा असतो. तो जोडीदार शेजारी असला की माझा अर्थ सहसा चुकत नाही.

पण ज्या दस्तावरून त्या गल्लीची वाट गाडली जाणार होती, त्यात नेमका तोच नव्हता. एका वखारीच्या मालकाला अंगण वाढवायचे होते. मागच्या गल्लीतल्या लोकांनी आपली जागा त्याला दिली आणि बदल्यात अंगणाच्या दारातून मोठ्या रस्त्यावर जाण्याचा हक्क लिहून घेतला. लिहिणारा कारकून जुन्या वळणाचा. जुन्या दस्ताची भाषा उचलताना हात आखडून त्याने जोडीदाराला गाळले आणि मला एकट्यालाच बसवले: 'शॅल नॉट लेट द ड्वेलर्स ऑफ द लेन इन देअर पासेज.' गल्लीतल्या रहिवाशांना येता-जाता अडवू नये, असा त्याचा अर्थ. मग ऐंशी वर्षे मी कपाटात पडून होतो. लोक दारातून जात-येत होते, तोवर कागद कोण उघडतो?

वखार नव्या मालकाकडे गेली. त्याला ते दार नको होते. त्याने कपाट उपसले, दस्त काढला आणि प्रकरण कोर्टात नेले. कोर्टाच्या भाषांतरकार बाईंकडे मी आलो. वीस वर्षांत बाईंच्या कामात एक चूक निघाली नव्हती आणि ही गोष्ट त्या स्वतः कधी विसरत नसत. त्यांनी माझ्याकडे पाहिले, ओळखीचा आहे म्हणून मान हलवली आणि लिहिले: 'मालकाने गल्लीतील रहिवाशांना ये-जा करू देऊ नये.' खाली सही, शिक्का.

मित्रांनो, मला हात असता तर तिथल्या तिथे वर केला असता.

निकाल शुक्रवारी दुपारी तीनला होता. त्याच दिवशी दीड वाजता गल्लीतली इस्त्रीवाली बाईंच्या खोलीत येऊन उभी राहिली. तिच्या नवऱ्याला आठवड्यातून तीनदा चाकांच्या खुर्चीवरून इस्पितळात न्यावे लागे, रक्त शुद्ध करून घ्यायला. दारातून दहा मिनिटे. दार बंद झाले तर नाल्याच्या कडेकडेने पाऊण तास, आणि त्या वाटेवर खुर्चीची चाके रुततात. त्या दिवशीही पाचला नंबर होता.

"ताई, विटा येऊन पडल्यात अंगणात. गवंडीपण आलाय," ती म्हणाली. "तुमच्या कागदावर सगळं ठरणार म्हणतात."

"माझा नाही, मावशी, कागद जुनाच आहे. त्यात जे आहे तेच मी लिहिलं."

"माझ्या आजेसासऱ्यांनी जागा दिली या दारापायी. जागाही द्यायची आणि स्वतःच्या तोंडावर दारही लावून घ्यायचं, असा कोण शहाणा असतो?"

बाईंनी घड्याळ पाहिले. "लोक काय काय लिहून देतात, तुम्हाला कल्पना नाही."

"मला तेवढी ओळ दाखवा तरी. कुठे लिहिलंय ते डोळ्यांनी बघते आणि जाते."

बाईंनी नाइलाजाने दस्त फिरवून तिच्यापुढे केला आणि माझ्यावर बोट ठेवले. इस्त्रीवालीचे इंग्रजी शर्टांच्या कॉलरवर आणि स्टेशनच्या फलकावर झालेले. ती अक्षरे लावू लागली. "एल, ई, टी. लेट." ती थांबली. "म्हणजे उशीर ना? मालकाने माणसांना लेट करू नये. मग बरोबरच आहे की. जाऊ द्यावं त्यांना पटकन."

बाई हसल्या. "अहो, तो लेट वेगळा. त्याचं स्पेलिंगच वेगळं. हा लेट म्हणजे..."

हसू मध्येच अडकले. त्यांनी ओळ पुन्हा वाचली. 'इन देअर पासेज.' जाऊ न देणे असते तर 'इन' कशाला? त्यांनी 'लेट' आणि 'इन' जोडून 'आत घेणे' असे धरले होते. पण मग पुढचे 'देअर पासेज', म्हणजे 'त्यांची ये-जा', लोंबकळत राहत होते. पहिल्यांदा वाचताना ते त्यांना खटकलेच नव्हते.

त्यांनी फळीवरून जाडा कोश काढला. पहिली नोंद निघाली ती त्याची, सोडणाऱ्याची. दोन रकाने भरून तो पसरलेला, उदाहरणांवर उदाहरणे. बाईंचे बोट त्यावरून सरसर खाली आले. "हेच तर लिहिलंय मी," त्या पुटपुटल्या आणि कोश मिटू लागल्या. मी खालीच होतो, मित्रांनो! चार ओळींत, बारीक टायपात, पानाच्या तळाशी. आणखी अर्धा इंच, एवढेच हवे होते.

"खाली अजून एक लेट आहे, ताई," इस्त्रीवाली म्हणाली. कपड्यांवरचे बारीक डाग टिपायची सवय असलेली नजर ती. "छोटासा. त्याला दोनचा आकडा आहे."

बाईंनी वाचले. अडवणे. विलंब लावणे. जुना प्रयोग.

"मावशी, तुमचा लेट चुकीचा होता," त्या म्हणाल्या, "पण अर्थ बरोबर होता. माझं उलट झालं. मी तर ध चा मा केला."

"मग आता?"

या प्रश्नाला दोन उत्तरे होती आणि बाईंना दोन्ही ठाऊक होती. गप्प बसले तर कोणाला कळणार नव्हते. बोलले तर वीस वर्षांचे नाव भर कोर्टात जाणार होते. त्यांनी पदर खोचला, कोश काखेत मारला, मला फाइलीत घातले आणि जिना उतरल्या. मागून इस्त्रीवाली.

कोर्टात निकालाचे वाचन सुरू होणारच होते. बाईंनी उभे राहून बोलण्याची परवानगी मागितली. मालकाचा वकील म्हणाला, "तीन महिने एक अर्थ आणि आज सोयीचा दुसरा? बाईंना गल्लीवाल्यांनी चहा पाजलेला दिसतो."

"चहा नाही पाजला, चूक दाखवली," बाई म्हणाल्या. "साहेब, भाषांतर माझं, सही माझी, चूकही माझी. शब्द ओळखीचा होता म्हणून मी तो तपासला नाही."

न्यायाधीशांनी कोश मागवला. चष्मा पुसला, दस्त वाचला, नोंद वाचली, पुन्हा दस्त वाचला. मग त्यांनी वकिलाला विचारले, "पहिला अर्थ धरला तर 'इन देअर पासेज' या शब्दांचं काय करायचं?" वकिलाने कागद चाळले. दार बंद करण्याची परवानगी नाकारली गेली. निकालाची वेळ साडेतीन.

पण मालकाने निकालाची वाट पाहिली नव्हती. इस्त्रीवाली धावत अंगणात पोचली तेव्हा दारात गुडघाभर भिंत उभी होती. तिने कोर्टाचा कागद गवंड्यापुढे धरला. त्याने तो वाचला, थापी बाजूला ठेवली आणि म्हणाला, "सिमेंट ओलं आहे तोवर हात लाव, मावशी." दोघांनी विटा उतरवल्या. पाचाला दहा कमी असताना खुर्ची दारातून बाहेर पडली. चाकांना ओले सिमेंट लागले होते. मी जन्मभर लोकांना अडवले, पण त्या खुर्चीला कोणी अडवले नाही याचा आनंद मला आजही आहे.

भाषांतरकार बाईंना लेखी ठपका मिळाला. त्यांनी तो निमूट घेतला. सोमवारी त्यांनी शिपायाकडून आपल्या वीस वर्षांच्या जुन्या फायली खाली आणवल्या. जुनी भाषांतरे तपासायला कोणी सांगितले नव्हते.

मित्रांनो, अनोळखी शब्द भेटला की तुम्ही कोश उघडता. ओळखीचा भेटला की त्याला काही न विचारता पुढे जाता, आणि घात होतो तो तिथेच. म्हणून माझे एवढे ऐका. शब्द कितीही रोजचा असला तरी शेजारी कोण बसले आहे ते पाहा, आणि कोशातली नोंद पानाच्या तळापर्यंत वाचा. तळाशी माझ्यासारखे म्हातारे राहतात.

बाईंच्या टेबलावर आता तिसऱ्या वर्षाची फाइल उघडी आहे. पहिल्या दोन वर्षांत त्यांना एक चूक सापडली. त्या चुकीपायी एका माणसाचे घर गेले होते. त्याचा पत्ता त्या अजून शोधत आहेत.