घोडेस्वाराचे डोळे

काजवालीला इराणी लघुचित्रं शिकायला लागून दोन महिने झाले होते, आणि दोन महिन्यांत तिला गवताची एक काडी धड काढता आली नव्हती.

सव्वीस वर्षं तिने कपड्यांच्या कारखान्यात हाताने काजं केली. मग यंत्र आलं, ते मिनिटाला दहा-बारा काजं करायला लागलं, आणि हिला घरी बसवलं. राहायची बहिणीकडे. बहीण म्हणायची, "आता जरा पडून राहा, आयुष्यभर राबलीस." पडून राहणं जमलं असतं तर आणखी काय हवं होतं! रिकामे हात तिला खायला उठायचे. एक दिवस भाजी आणायला म्हणून निघाली आणि 'लघुचित्र शिकवले जाईल' अशी पाटी दिसली म्हणून सरळ दुसरा मजला चढून गेली. भाजी राहिली ती राहिलीच.

उस्ताद सत्तरी ओलांडलेले होते. वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून उजवा हात दुसऱ्या कुणाचा असावा तसा मांडीवर पडलेला. शिकवायचे ते तोंडाने. "दम धरा, बाई. रेघ संपेपर्यंत श्वास नाही." ती दम धरायची, तोंड लाल व्हायचं आणि रेघ वाकडी ती वाकडीच. बाकीचे विद्यार्थी एकेक करून गळाले. ही मात्र हटेना. उस्तादांची मुलगी, जिला सगळेच ताई म्हणत, गमतीने म्हणायची, "मावशी, तुमच्या चिकाटीला दाद द्यायची की बाबांच्या सहनशक्तीला, तेच मला कळत नाही."

महिनाअखेर ताई उस्तादांना आपल्या गावी नेणार होती. तिथे घराला जिना नव्हता आणि दवाखाना समोरच होता. म्हणजे काजवालीच्या हातात उरले होते अठरा दिवस. त्यानंतर पुन्हा बहिणीचं घर, खिडकी आणि रिकामे हात. या अठरा दिवसांत उस्तादांनी आपल्याला घालवून देऊ नये, एवढंच तिचं मागणं होतं.

म्हणूनच त्यांनी घोडेस्वार बाहेर काढला तेव्हा तिला भरून आलं. त्यांच्या हातचं एवढं एकच चित्र घरात राहिलं होतं, बाकीची केव्हाच लोकांच्या भिंतींवर गेली होती. तळहाताहून थोडं मोठं. वाड्याच्या दारातून एक स्वार बाहेर पडतोय, वर खिडकीत एक बाई उभी आहे, पुढे डोंगराचा रस्ता. स्वाराचा चेहरा मसुरीच्या दाण्याएवढा. "हे उतरवा," उस्ताद म्हणाले. "पातळ कागद वर ठेवून रेघ न् रेघ गिरवायची. फक्त डोळे सोडायचे. डोळे कधी उतरवत नसतात. ते शेवटी, थेट, एका दमात काढायचे."

नऊ दिवस ती गिरवत होती. दहाव्या दिवशी सकाळी उस्तादांनी वाकून पाहिलं आणि पहिल्यांदाच मान हलवली. "आता टोचा. रेघेवरून सुईने भोकं पाडायची. मग हा कागद कोऱ्यावर ठेवून वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटली की ठिपक्यांनी चित्र खाली उतरतं." एवढं सांगून ते ताईबरोबर डॉक्टरकडे गेले.

सुई! दोन महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी तिच्या हातात तिचं हत्यार दिलं होतं. बोटं आपोआप चालायला लागली. घोड्याचा पाय, लगाम, वाड्याची कमान, एकसारखी, गव्हाच्या टोकाएवढ्या अंतरावर भोकं. ती चक्क गुणगुणत होती. कागद जरा जाड लागतोय असं एकदा वाटलं, पण चांगल्या मालाचा कागद असाच असायचा, म्हणून तिने तिकडे लक्ष दिलं नाही. अकराशेच्या आसपास टोचे झाले असतील. शेवटचा टोचा देऊन तिने चिमटे काढले, पातळ कागद उचलला, आणि खाली घोडेस्वार होता.

टोचायच्या आधी कागद मूळ चित्रावरून काढून कांबळ्याच्या घडीवर ठेवायचा असतो. आनंदाच्या भरात तेवढंच राहून गेलं होतं. उस्तादांचा घोडा, उस्तादांची कमान, खिडकीतली बाई, सगळ्यांची चाळण झाली होती.

खरं तर तिथेच हात जोडून बसून राहायचं आणि माणसं आली की सांगून टाकायचं. पण घाबरलेल्या माणसाला एवढी अक्कल असती तर जगात निम्मी दुःखं झाली नसती. ती उठली, स्वयंपाकघरात गेली, गव्हाच्या पिठाची खळ शिजवली. चित्र फळीवर पालथं घातलं, मागून भोकाभोकात खळ भरली आणि गुळगुळीत दगडाने घोटायला लागली. भोकं बुजायलाही लागली. तिला वाटलं, निभावलं. मग तिने चित्र उलटायला उचललं तर मध्ये एका जागी ते फळीला चिकटलेलं. जरा ओढलं. सुटलं.

स्वाराच्या चेहऱ्यावर डोळे नव्हते. रंगाचा पापुद्रा फळीवर राहिला होता, आणि त्याच्याकडे नीट बघायच्याही आत तिने फळी ओल्या फडक्याने पुसून काढली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

जिन्यावर पावलं वाजली. एक पायरी, थांबणं, एक पायरी. पळून जायलाही तोच जिना होता.

"मावशी, काय केलंत हो हे!" ताई दारातूनच ओरडली.

उस्ताद बसले, डाव्या हाताने चित्र जवळ ओढलं, बोटं भोकांवरून फिरवली. काजवालीने सगळं सांगून टाकलं, सुईपासून फडक्यापर्यंत, मध्ये श्वासही घेतला नाही. "मला घालवा," ती म्हणाली, "पण एकदा शिव्या तरी द्या."

"भोकांचं काय एवढं," उस्ताद म्हणाले. "माझ्या उस्तादांच्या हरणाला मीही अशीच पाडली होती. पहिल्या वेळी सुई हातात आली की निम्मे असंच करतात. तुम्ही थांबला असतात तर संध्याकाळपर्यंत बुजवून दाखवली असती."

हे ऐकून तिला रडू फुटलं. शिव्या परवडल्या असत्या.

"चेहऱ्याचं बघू," ते म्हणाले. "काय ते, केसाएवढ्या दोन रेघा ओढायच्या. कुठे बघत होता हो तो स्वार?"

तिला वाटलं, परीक्षा घेतायत. "तुम्हीच काढलाय, उस्ताद."

"मीच." त्यांनी चित्र लांब धरलं, जवळ आणलं. "आठ दिवस घातले होते मी या डोळ्यांपायी. वर खिडकीकडे बघावं, की पुढे रस्त्याकडे? हिची आई म्हणायची, जेवून घ्या आधी. मग एके सकाळी एका दमात काढून टाकले." ते थांबले. "कुठे काढले?"

ताई म्हणाली, "खिडकीकडेच असणार, बाबा."

"असणार नको. तू पाहिलं होतंस?"

ताईने घाईघाईने फोन काढला. एक फोटो होता, उस्ताद चित्र हातात धरून हसताहेत असा. तिने तो मोठा केला, आणखी मोठा केला, शेवटी नुसते चौकोन उरले.

दोघांनी काजवालीकडे पाहिलं. नऊ दिवस तिच्याएवढं जवळून त्या चित्रात कुणीच पाहिलं नव्हतं. लगामावर किती टोचे होते ते ती सांगू शकली असती. घोड्याच्या आयाळीत किती रेघा, खिडकीतल्या बाईच्या ओढणीला किती चुण्या. पण डोळे गिरवायचे नव्हते, म्हणून रोज तिची नजर तेवढ्या जागेवरून उडी मारून पुढे जायची.

"मला माहीत नाही, उस्ताद," ती म्हणाली.

त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. चुकलेल्या पोरासारखे ते एकदा मुलीकडे, एकदा हिच्याकडे बघत राहिले. आपल्याला आठवत नाही, याचीच त्यांना लाज वाटत होती. काजवालीला ते बघवेना. आपल्याला घालवतील की ठेवतील, याचा तिला विसर पडला होता.

"माझ्या हाताला ठाऊक असेल," ते अचानक म्हणाले. "मला नसलं तरी. त्यानेच काढलेत."

ताई म्हणाली, "बाबा, राहू दे ना आता."

काजवालीने सगळ्यात बारीक कुंचला शाईत बुडवला. मांडीवरचा तो थंड, जड हात उचलून चित्रावर आणला, मेलेल्या बोटांत कुंचला दिला आणि बाहेरून आपल्या मुठीत घट्ट धरला. टोक डोळ्यांच्या जागी उरलेल्या पांढऱ्या डागाच्या वर, अगदी केसभर अंतरावर. तिने दम धरला. उस्तादांनीही धरला. हात जरासा वर ओढला गेला असता तर खिडकी, खाली गेला असता तर रस्ता. तिने आपला जोर काढून घेतला, नुसता आधार ठेवला, आणि वाट पाहिली.

हात कुठेच गेला नाही.

टोकावरची शाई सुकली. तिने कुंचला पुन्हा बुडवला आणि पुन्हा धरला.