उंच डोक्याचे पिस्टन

आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांचे व्हॉल्व्ह घासले आणि शेवटी माझ्याच काळजाची झडप बदलायची पाळी आली. ऑपरेशननंतरचे दोन महिने मी घरात लोळून काढले. आराम हा प्रकार माझ्या अंगी कधी लागलाच नाही. "वर्कशॉपमध्ये जाऊन बसायला हरकत नाही, पण काही उचलायचं नाही आणि अजून महिनाभर गाडी चालवायची नाही," असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा त्यातलं सोयीचं तेवढं ऐकून मी थेट वर्कशॉप गाठलं.

वर्कशॉप आमचं दोघांचंच. आमचे हे ब्लॉकचं काम करतात. ब्लॉक म्हणजे इंजिनाचा खालचा भाग, ज्यात पिस्टन वरखाली होतात. त्यावर झाकणासारखं जे बसतं ते हेड, आणि ते माझ्याकडे. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण ही वाटणी मोडली नाही. मात्र हेड आणि पिस्टन एकमेकांना साजेसे लागतात, म्हणून त्यांची निवड दोघांनी मिळून करायची, हा पहिल्या दिवसापासूनचा नियम.

स्टँडवर उघडं पडलेलं इंजिन माझ्या स्वतःच्या गाडीचं होतं. ही गाडी लग्नाआधीची. ती घेऊन मी चढाच्या शर्यतीत धावायचे आणि भल्याभल्यांना धूळ चारायचे. एकदा तिचं इंजिन कुरकुरायला लागलं म्हणून दुरुस्तीला नेली, तर रस्त्यापलीकडे चहा पीत बसलेला एक काटकुळा मिस्त्री तिथूनच ओरडला, "टायमिंग पुढे गेलंय, दोन अंश मागे घ्या!" मला असा राग आला! पण तपासलं तर ठिणगी पडायची वेळ बरोबर दोन अंश पुढे. अशा माणसाशी भांडत बसण्यापेक्षा लग्न केलेलं बरं, असं मी ठरवलं. धंद्यातले लोक त्यांना 'कान' म्हणतात. "कानाला दाखव, मग इंजिन उघड," असं म्हणायची पद्धतच पडली आहे.

ऑपरेशनच्या आधी महिनाभर वाद घालून आम्ही निवड केली होती. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, कारण ते उष्णता पटकन सोडतं आणि त्याला जास्त दाब झेपतो. पिस्टन उंच डोक्याचे, म्हणजे वर उंचवटा असलेले. त्यांनी पेट्रोलची वाफ जास्त दाबली जाते आणि चढावर गाडी जोर धरते. फक्त दाब वाढला की टायमिंग जपावं लागतं. ते जरा चुकलं तरी चढावर आतून बारीक टकटक येते, डब्यात वाटाणे हलवल्यासारखी. तिच्याकडे दुर्लक्ष केलं तर एक दिवस पिस्टनला भोक पडतं.

मी ब्लॉकवरचं फडकं उचललं. चारही पिस्टन बसवून झाले होते, आणि सगळ्यांची डोकी बशीसारखी खोलगट, म्हणजे दाब कमी. शेजारी जुनं बिडाचं हेड घासूनपुसून तयार. माझं अ‍ॅल्युमिनियमचं हेड कागदात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवलेलं.

"हे काय?" मी विचारलं. हे पाठमोरे उभे राहून काहीतरी कानशीने घासत होते. उत्तर नाही. बायकोचं ऐकायचं नाही ही खोड काही एकट्या माझ्या नवऱ्याला नाही, म्हणून मी समोर जाऊन उभी राहिले.

"माझे पिस्टन कुठे गेले?"

"जरा सौम्य इंजिन बरं असतं गं," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "आता आपल्याला कुठे शर्यती करायच्यात?"

"मला न विचारता?"

"तू दवाखान्यात होतीस."

"झडप बदललीय माझी. माणूस तेच आहे!"

ते पुन्हा कानस चालवायला लागले. मी घरी गेले आणि दार लावून रडले. ऑपरेशनच्या टेबलावर मला मरणाची भीती वाटली नव्हती. त्या बशा बघून वाटली. ज्या माणसाने मला चढावर गाडी पिटाळताना पाहून लग्न केलं, त्यानेच मला निकालात काढलं, आता ही फक्त सांभाळून ठेवायची वस्तू, असं मला वाटलं. त्यानंतर तीन दिवस आमचा अबोला. हे दोन्ही वेळा चहा आणून ठेवायचे, मी पिऊन टाकायचे, पण बोलायचे नाही. रुसले म्हणून चहा थोडाच सोडायचा?

चौथ्या दिवशी एका गिऱ्हाइकाची गाडी तयार झाली. चाचणीला दोघांनी जायचं ही आमची रीत, म्हणून अबोल्यासकट मी शेजारी बसले. गावाच्या पाण्याच्या टाकीजवळच्या चढाला लागलो, आणि टकटक सुरू झाली. साफ, स्वच्छ, वाटाण्यांसारखी. हे आता वेग कमी करतील, मग गाडी बाजूला घेतील, म्हणून मी वाट पाहत राहिले. त्यांनी अ‍ॅक्सिलरेटर आणखी दाबला.

"झकास ओढतेय," ते म्हणाले.

"थांबवा गाडी," मी म्हटलं. त्यांनी थांबवली आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"वाजत होतं का?" त्यांनी विचारलं.

"कधीपासून ऐकू येत नाही?"

"येतं की. तुझा आवाज येतो, समोर असलीस की नक्की येतो. बारीक तेवढं येत नाही. दोनेक वर्षं झाली असतील."

"आणि मला आत्ता सांगताय?"

"काय सांगू? कानालाच ऐकू येत नाही म्हणून?" त्यांनी स्टिअरिंगवरचे तेलकट हात पाहिले. "आधी वाटलं, निभेल. मग तू दवाखान्यात गेलीस आणि मी एकटाच त्या पिस्टनांसमोर बसलो. तू ती गाडी जीव खाऊन चढावर घालणार, आतून वाजणार, आणि मी शेजारी बसून म्हणणार, झकास ओढतेय. बशीवाल्यांना कान लागत नाहीत गं. म्हणून घातले."

"आणि मला वाटलं, तुम्ही मला मोडीत काढलंत."

"तुला?" ते इतके चकित झाले की मला हसू आलं आणि रडूही आलं. "तुला कोण मोडीत काढणार? मी स्वतःला काढत होतो."

मी त्यांचा हात धरला. तेलाचा डाग माझ्या पांढऱ्या बाहीवर पडला, तो अजून निघालेला नाही.

दुसऱ्या दिवशी बशीवाले पिस्टन बाहेर काढले. हेड फळीवरून त्यांनी उतरवलं, कारण मला उचलायची बंदी. उंच डोक्याचे पिस्टन बसवल्यावर त्यांच्यावर मी मुलांची खेळायची माती थापली, त्यांनी हेड चढवलं, इंजिन हाताने फिरवलं आणि पुन्हा उघडलं. व्हॉल्व्हने मातीत ठसा उमटवला होता, पण खाली पुरेशी माती शिल्लक होती, म्हणजे व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटणार नव्हते. मग कायमचे नट आवळले.

डॉक्टरांचा महिना संपला त्या सकाळी गाडी मी बाहेर काढली. हे शेजारी, मांडीवर पाना घेऊन. चढ लागला, टकटक आली, आणि मी त्यांच्या गुडघ्यावर बोटाने वाजवलं, जशी ऐकू येत होती तशीच. गाडी थांबवली. त्यांनी उतरून टायमिंग केसभर मागे घेतलं. पुन्हा चढ, पुन्हा गुडघा, आता थोडी कमी. पुन्हा उतरले. तिसऱ्या खेपेला मी गाडी पार माथ्यापर्यंत नेली, आणि माझा हात त्यांच्या गुडघ्यावर नुसता ठेवलेला होता.

वर पोहोचल्यावर मी इंजिन चालूच ठेवलं. त्यांनी आपला तळवा समोरच्या पत्र्यावर टेकवला आणि डोळे मिटले.

"आता सांग," ते म्हणाले. "कसं वाजतंय? मला सगळं सांग."

तोंडाळ म्हणून माझी ख्याती. मग मी त्यांच्याकडे वळले, तोंड दिसेल अशी बसले, आणि पहिल्या सिलिंडरपासून सांगायला सुरुवात केली.