दोन मुठींची पेटी

मित्रांनो, मी एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे, आणि खरं सांगायचं तर अर्धाच आहे. अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे आवाज मोठा करणारं यंत्र. मला बेस गिटारसाठी घडवलं. तिला चार जाड तारा असतात आणि तिचा आवाज इतका खालचा की तो कानांच्या आधी पोटाला कळतो. कार्यक्रमात सगळ्यांचं लक्ष गाणाऱ्याकडे. बेस वाजतोय हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं, पण तो थांबला की गाणं पोकळ वाटायला लागतं. आमच्या वाट्याला कौतुक बेताचंच येतं.

माझे दोन भाग. वरचा मी, मला वाजवणारे ‘हेड’ म्हणतात. लोखंडी सांगाडा, दिव्यासारखे तापणारे काचेचे व्हॉल्व्ह आणि पुढे बटणांची रांग. खालची ती, स्पीकरची मोठी लाकडी पेटी. मी जोर तयार करायचा आणि तिने त्याचा आवाज करून बाहेर सोडायचा. आम्हाला जोडणारी वायर जेमतेम हातभर. ती जोडल्याशिवाय मला चालू करायचं नाही, हा आमचा पहिला नियम आहे. जोराला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, तर तो माझ्याच पोटातल्या तांब्याच्या गुंडाळीत कोंडतो आणि गुंडाळी जळते.

ती गुंडाळी कारखान्यातल्या एका बाईंनी केली होती. कामाला बसल्या की त्या कुणाशी बोलत नसत, बोललं की वेढा चुकतो म्हणायच्या. पुढे हलकी, सुटसुटीत यंत्रं निघाली, आम्हाला कुणी विचारेना आणि आमची घडण बंद झाली. कारखान्याच्या जागी आता काय आहे कोण जाणे. माझी गुंडाळी जळली तर तशी दुसरी मिळायची नाही, एवढं मात्र मला पक्कं ठाऊक आहे.

मला दोन सख्ख्या भावांनी मिळून विकत घेतलं. थोरला बेस वाजवायचा, धाकटा ड्रम. पेटी इतकी जड, की ती एकट्याला उचलतच नसे. तिला दोन बाजूंना दोन मुठी. डावी थोरल्याची, उजवी धाकट्याची, हे कधी ठरवावं लागलं नाही. जिना उतरताना धाकटा ओरडायचा, “दादा, हळू! माझी बोटं आहेत ही!”

“मग खिशात घाल,” थोरला म्हणायचा, आणि हसता हसता दोघांच्या हातून पेटी सुटायची वेळ यायची.

थोरल्याची एक खोड होती. तो बरोबर ठोक्यावर वाजवत नसे. धाकट्याचा ठोका पडला की अगदी केसभर मागून त्याचा सूर यायचा. ऐकणाऱ्याला ते कळत नसे, पण पाय आपोआप हलायला लागायचे. मला विचाराल तर आमच्या आवाजाचा सगळा जीव त्या केसभर उशिरात होता. वाजवण्याची ती वर्षं माझी सुखाची. हॉलच्या लाकडी मजल्यावर मी तापायचो, पेटी थरथरायची आणि पहिल्या रांगेतल्या खुर्च्याही तिच्याबरोबर.

मग एक दिवस बाहेरून एक गायिका आल्या. सरावाच्या वेळी त्यांनी मध्येच गाणं थांबवलं. “लय मागे ओढतंय कोण?” त्यांनी विचारलं. धाकट्याने हातातली ड्रमची काडी उचलली आणि थोरल्याकडे दाखवली. “दादा ओढतो. नेहमीच ओढतो,” तो म्हणाला.

थोरल्याने कार्यक्रम पुरा केला, सगळं काटेकोर ठोक्यावर वाजवलं, आणि त्या दिवशी कुणाचा पाय हलला नाही. घरी आल्यावर मात्र शब्दाने शब्द वाढला. धाकटा म्हणाला, खरं ते बोललो. थोरला म्हणाला, मग तुझं खरं घेऊन तू वेगळा हो. मला दोघांनी मिळून घेतलं होतं, त्यामुळे माझीही वाटणी झाली. हेड थोरल्याला, पेटी धाकट्याला. शहाणपण दोघांपैकी कुणाच्याच वाट्याला आलं नाही. पेटी न्यायला धाकट्याने दोन हमाल आणले, कारण डावी मूठ धरायला थोरला पुढे झाला नाही.

मित्रांनो, त्यानंतर मी कित्येक वर्षं कपाटावर बसून होतो. धाकट्याचं घर दोन गल्ल्या पलीकडे. थोरला दर आठवड्याला मला पुसायचा, बटणं एकदा पुढे, एकदा मागे फिरवायचा. चालू मात्र कधी केलं नाही. वहिनी, म्हणजे त्याची बायको, म्हणायची, “अहो, जाऊन पेटी मागा तरी.” तो म्हणायचा, “बोलला तो आहे. तो आणून देईल.” वहिनीने हे इतक्यांदा ऐकलं की पुढे विचारायचं सोडून दिलं. मग थोरला आजारी पडला. शेवटी हात उचलेना, तेव्हा तो अंथरुणावरून नुसता माझ्याकडे बघायचा. आणि एक दिवस तो गेला. धाकटा आला, दारात उभा राहिला, वहिनीला हात जोडले आणि मान खाली घालून परतला. मी सगळं वरून पाहत होतो आणि मला फार वाईट वाटलं.

वहिनी मुलीकडे राहायला जायची होती. घर रिकामं करायचं, तर माझं काय करायचं हा प्रश्न आला. भंगारवाला दोनदा डोकावून गेला होता. तेवढ्यात वाद्यांच्या दुकानातून पत्ता काढत एक तरुण बाई आली. खांद्यावर बेस गिटार. माझ्यासारखा, घडण बंद झालेला हेड ती कितीतरी दिवस शोधत होती. मला बघून तिचा चेहरा असा फुलला, की मी उगाच ताठ बसलो.

“थांब, चालू करूनच दाखवते,” वहिनी म्हणाली. गिऱ्हाइकाला वस्तू चालू दाखवावी, एवढाच तिचा साधा हेतू. तिने थोरल्याला मला फक्त पुसताना पाहिलं होतं, वायरचा नियम तिला ठाऊक नव्हता. बाई पिशवीतून गिटारची वायर काढत होती, तोवर वहिनीने प्लग खोचलाही. दिवा लागला. “बघ, लागला की नाही!” आवाज येईना म्हणून तिने एकामागून एक सगळी बटणं पूर्ण फिरवली.

माझ्या पोटात जोर उसळला आणि त्याला वाट सापडेना. गुंडाळी तापली. खोलीत करपल्याचा वास सुटला.

“काकू, बंद! बंद करा!” बाईने झेप घेऊन प्लग उपसला. “पेटी नाहीये याला. पेटीशिवाय हा जळतो.”

वहिनीच्या तोंडचं पाणी पळालं. “मेला का गं? त्यांनी एवढा जपला आणि मी...”

“सांगता येत नाही. याची मूळची पेटी जोडली तरच कळेल. कुठे आहे ती?”

वहिनी पदराने डोळे पुसून उठली आणि म्हणाली, “चल. मीच येते.”

जे अंतर दोन भावांना कापता आलं नाही, ते मी वहिनीच्या कडेवर कापलं. धाकट्याने दार उघडलं. केस पिकलेले, हात मात्र तेच. त्याने आधी वहिनीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि काही न विचारता बाजूला झाला.

आत पेटी होती. मला वाटलं होतं तिच्यावर टीव्ही असेल, नाहीतर गाद्यांचा ढीग. पण तिच्यावर स्वच्छ चादर होती आणि चादरीवर काहीही नव्हतं. हातभर वायर गुंडाळून मुठीला बांधलेली. माझी जागा रिकामी ठेवली होती.

“आणून का नाही दिलीत, भावोजी?” वहिनीने विचारलं.

“एकट्याला उचलत नाही ना, वहिनी.”

“हाक मारली असतीत तर ते आले असते.”

“तेच तर,” धाकटा म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मला पेटीवर ठेवलं. वायर जोडली. बाईने मला चालू केलं. व्हॉल्व्ह हळूहळू लाल झाले. आधी पेटीतून बारीक खरखर आली. बाईने गिटारची सर्वांत जाड तार छेडली आणि आवाज आला! पूर्वीपेक्षा जरा घोगरा, गुंडाळीला चटका बसला होता तो बसलाच होता, पण तो माझाच आवाज होता. वहिनीने दोन्ही हात तोंडावर धरले.

बाई एक साधी चाल वाजवू लागली. धाकट्याची बोटं नकळत मांडीवर ठोका धरायला लागली. दोन-तीन आवर्तनं झाली आणि त्याने हात वर केला.

“पोरी, ठोक्यावर नको. जरा मागून ये. केसभर.” तो म्हणाला. “दादा मागून यायचा.”

तिने तसं वाजवलं. वहिनीचा पाय हलायला लागला. धाकटा रडत होता आणि त्याचा ठोका चुकत नव्हता.

बाईने आम्हा दोघांना नेलं. धाकट्याने अट एकच घातली, आम्हाला पुन्हा वेगळं करायचं नाही. पेटी उचलायची वेळ आली तेव्हा तो सवयीने उजव्या मुठीशी जाऊन वाकला आणि तसाच थांबला. डाव्या मुठीकडे बघत राहिला. बाई पुढे होणार, तेवढ्यात वहिनीने पदर खोचला आणि ती मूठ धरली.

“हळू, भावोजी,” ती म्हणाली, “माझी बोटं आहेत ही.”

मित्रांनो, आता मी पुन्हा गातो. पण ज्याच्यासाठी गायचं होतं, त्याला ते ऐकू गेलं नाही. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो. जुनी वस्तू पुसत राहिलात म्हणजे जपली असं होत नाही. तुमच्या घरात कुणाची पेटी पडून असेल, तर तो मागायला येईल म्हणून बसू नका. ती जड असते, एकट्याला उचलत नाही, हे मलाही ठाऊक आहे. तुम्ही आपल्या बाजूची मूठ धरा आणि त्याला हाक मारा.