काजबटण क्लबचा सर्वांत थोर खेळाडू

“आता मी जे सांगणार आहे त्यावर कोणाचाही विश्वास बसणार नाही,” मास्तरांनी छातीवर हात ठेवून जाहीर केलं. “माझाच अजून बसलेला नाही, तर तुमची काय कथा!”

“सुरुवात तरी खरी केलीत,” कंडक्टर म्हणाला.

मास्तर म्हणजे शिंपी. हयातभर लोकांच्या कमरा मोजल्या, स्वतःची मोजायची हिंमत कधी झाली नाही. शिलाईमशीन चालवण्यापलीकडे त्यांच्या पायांनी कसलाही पराक्रम केला नव्हता. खरा फुटबॉल जन्मात एकदाच त्यांच्या दिशेने आला होता आणि तो त्यांनी शिताफीने चुकवला होता. तरीही ते एका फुटबॉल क्लबचे मॅनेजर होते. क्लबचं नाव काजबटण. मैदान नाही, चेंडू नाही, खेळाडूंना घाम नाही; सगळा कारभार कॉम्प्युटरच्या पोटात. आपण फक्त संघ निवडायचा, कोण पुढे, कोण मागे, कोण बाकावर ते ठरवायचं, आणि मॅच सुरू झाली की स्क्रीनवर एकेक ओळ उमटताना बघत बसायचं. चेंडू डावीकडे. पास चुकला. शॉट बाहेर. खेळाडूंना जन्माला घालायचा तो कॉम्प्युटर, वय वाढवायचा तोही कॉम्प्युटर, आणि गुडघे गेले की घरी पाठवायचाही तोच.

हे खूळ ज्याने सगळ्यांच्या गळ्यात मारलं तो कॉम्प्युटर-दुरुस्तीवाला काउंटरमागे बसला होता. आजूबाजूला पोट फाडलेली यंत्रं, बरणीच्या झाकणांत निवडून ठेवलेले स्क्रू, आणि वायरींचा असा गुंता की त्यात मांजर शिरलं तर दुसऱ्या दिवशीच सापडावं. मॉनिटरच्या खोक्यांवर बाकीचे बसले होते. एक दातांचा डॉक्टर, त्याच्या क्लबचं नाव अक्कलदाढ. एक बसचा कंडक्टर, त्याचा क्लब शेवटचा थांबा. लीगमधले उरलेले संघ कॉम्प्युटर स्वतःच चालवायचा, आणि खरं सांगायचं तर तोच बरा चालवायचा.

आज मात्र मॅच नव्हती. आज भिंतीवरच्या खिळ्याचा निकाल होता.

दुरुस्तीवाल्याने दुकानाला रंग दिला होता आणि समोरच्या भिंतीवर एकच खिळा ठोकला होता. त्या खिळ्यावर लीगच्या इतिहासातल्या सर्वांत थोर खेळाडूची जर्सी टांगायची. खरी, कापडाची. एकदा टांगली की उतरवायची नाही. जर्सी शिवायचं काम अर्थातच मास्तरांकडे आलं, कारण हौस सगळ्यांनाच होती, शिवता एकट्यालाच येत होतं. जर्सी तयार होती. पाठीवरचा आकडा तेवढा बाकी होता, तो जिंकेल त्या खेळाडूचा. पण डोळ्याच्या ऑपरेशननंतर मास्तरांची सुई कापडापेक्षा बोटातच जास्त जायची, म्हणून आकडा टाकायला त्यांच्या बायकोला यावं लागलं होतं. ती कोपऱ्यातल्या खोक्यावर जर्सी मांडीवर घेऊन, कापलेले आकडे शेजारी मांडून बसली होती. लवकर उरका, एवढाच भाव तिच्या चेहऱ्यावर होता.

“नियम पुन्हा एकदा सांगतो,” दुरुस्तीवाला म्हणाला. “प्रत्येकाने आपल्या क्लबच्या खेळाडूंची थोरवी सांगायची. ज्याची गोष्ट सर्वांत रंगेल त्याचा खिळा. खेळाडूंबद्दल वाटेल त्या थापा मारा. ते काही उठून बोलायला येणार नाहीत. पण मॅनेजर म्हणून स्वतःबद्दल जे सांगाल ते खरंच पाहिजे. इथे बसलेल्या कोणीही ‘खोटं’ म्हणून तोंडावर पकडलं आणि पटवून दिलं, तर सांगणारा बाद. त्याचा खिळ्यावरचा हक्क पकडणाऱ्याकडे.”

कंडक्टर आधीच बाद झाला होता. आपण आजवर एकही मॅच चुकवली नाही असं तो म्हणाला, आणि डॉक्टरने आठवण करून दिली की एका सेमीफायनलच्या वेळी तो डॉक्टरच्याच खुर्चीत आ वासून पडलेला होता. पण आपल्या फॉरवर्डचं कौतुक उरकल्यावर डॉक्टरला स्वतःबद्दल सांगायला काही आठवेना. “मी नियमित सराव घेतला,” एवढं म्हणून तो बसला होता. ते इतकं खरं होतं की सगळ्यांना जांभया आल्या. म्हणजे आता मास्तर न अडखळता शेवटापर्यंत पोचले की खिळा त्यांचाच.

“तर, पहिला तुफान,” मास्तर म्हणाले. “डावीकडून धावायचा. कॉर्नर मारायचा, पळत गोलसमोर यायचा, आणि स्वतःच मारलेल्या चेंडूला स्वतःच डोकं लावायचा. मधे वेळ उरला तर बुटाची नाडी बांधायचा. एकदा तर हाफटाइमला इतक्या वेगात आत गेला की थांबला तो दुसऱ्या हाफमध्येच.”

“आमच्या बसला असा ड्रायव्हर द्या हो कोणीतरी,” कंडक्टर कळवळून म्हणाला.

“आणि या तुफानाला मी दोन सीझन बचावात उभा केला होता.”

“का?”

“यादीत त्याचं नाव खाली होतं. मला वाटलं, खालचे मागे उभे राहतात.”

डॉक्टरने कपाळाला हात लावला. मास्तरांना आणखी चेव आला. स्वतःच्या बावळटपणाचे किस्से सांगण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, कारण माल भरपूर होता.

“अरे, मी नवीन होतो! पहिल्या सीझनला मी काय केलं ठाऊक आहे? कॉम्प्युटर प्रत्येकाची उंची दाखवतो, वजन दाखवतो. मला बाकीचं काही कळेना, पण माप कळतं. मी एकाच मापाचे अकरा जण निवडले. म्हटलं, एक पॅटर्न कापला की अख्ख्या संघाचे कपडे होतील.”

“कपडे?” डॉक्टरचा आवाज चिरकला. “त्यांना कपडे कुठून लागणार?”

“ते तिसऱ्या मॅचनंतर लक्षात आलं. तोवर उंच आलेला प्रत्येक चेंडू आमच्या डोक्यावरून जात होता. सगळेच्या सगळे बुटके! समोरचा गोलकीपर म्हणे आमच्यावरून पलीकडची गर्दी बघत बसायचा. त्या सीझनला खालून पहिले आलो आम्ही.”

दुरुस्तीवाला हसता हसता खुर्चीवरून घसरला. खोटं म्हणायची कोणाची टाप नव्हती. हे सगळं अक्षरशः घडलेलं होतं.

“दुसऱ्याचं नाव भिंत. बचावातला. हा उभा राहिला की मैदानावरचा वारा पडायचा. पाहुण्या संघाचा फॉरवर्ड एकदा त्याच्यापाशी आला आणि त्याने चक्क दार ठोठावलं. हा खरा असता ना, तर त्याच्या एका चड्डीला अख्खा तागा गेला असता, आणि वर ट्रायलला मला शिडी लागली असती. सात सीझन त्याच्या बाजूने गोल म्हणून झाला नाही.”

“मग गेला कुठे तो?” कंडक्टरने विचारलं.

“मी त्याला रिटायर केला.”

“चांगला खेळत असताना?”

“चष्मा सापडत नव्हता. मला वाटलं मी त्याला आठवडाभर विश्रांती देतोय. चांगला भरात होता, आणि मी पोराला घरी बसवला. स्क्रीनवर शेवटची ओळ आली, ‘खेळाडूने मॅनेजरचे आभार मानले.’ मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.”

आता मास्तरांनी आवाज खाली आणला. कोपऱ्यात बायकोची सुई चालू झाली होती, पण तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

“आणि तिसरा. आजोबा.”

डॉक्टर सावरून बसला. आजोबा हे नाव काढलं की त्याचा एक जुना दात ठणकायचा. अक्कलदाढने सगळ्यांना लोळवत फायनल गाठली होती आणि फायनलला काजबटणने तिला हरवलं होतं. एकमेव गोल केला होता आजोबांनी. आजोबा गोलकीपर होते.

“चाळिशीला टेकलेला गडी,” मास्तर सांगू लागले. “तरुणपणी याचे हात एवढे लांब की गोलाच्या मधोमध उभा राहून दोन्ही खांबांना टेकून डुलकी काढायचा. म्हातारपणी मात्र बाकावर. अख्खा सीझन बाकावर. नावापुढे तो लाल बाण असतो ना, मान खाली घातलेला? मन खचलं की येतो तो. आजोबांचा बाण तर पार जमिनीत रुतलेला. मी त्याला काढून टाकायला हवा होता, पण विसरलो.”

“ते असू दे,” डॉक्टर पुढे झुकला. “इतकी वर्षं विचारतोय, आज तरी सांगा. फायनल. शून्य-शून्य. थोडीच मिनिटं उरलेली. आणि तुम्ही फॉरवर्डला बाहेर काढून त्याच्या जागी म्हातारा गोलकीपर पाठवलात. माझ्या बचाववाल्यांनी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही आणि त्याने गोल ठोकला. मास्तर, हे तुमच्या डोक्यात आलं कसं? डोकं आहे हो तुमचं!”

इथेच मास्तरांचं घोडं अडत होतं. एका शिकल्यासवरल्या माणसाने आपल्या डोक्याचं कौतुक करावं, हे त्यांच्या आयुष्यात त्या फायनलनंतरच घडलं होतं. त्याआधी डोक्याचा विषय निघायचा तो फक्त टोपीचं माप घेताना. आणि खरी गोष्ट अशी होती की त्या दुपारी मास्तर झोपले होते. पोटभर जेवून घरच्या कॉम्प्युटरसमोर बसले, शून्य-शून्य बघता बघता मान कलली. जागे झाले तेव्हा उजवा कोपर माउसवर होता, स्क्रीनवर काजबटण एक, अक्कलदाढ शून्य अशी अक्षरं होती, आणि गोल करणाऱ्याच्या जागी आजोबांचं नाव. मास्तरांनी आधी स्क्रीनकडे पाहिलं, मग कोपराकडे. तेव्हापासून तो कोपर ते जरा जपूनच टेकवत. क्लबच्या इतिहासातला सर्वांत हुशार निर्णय आपल्या कोपराने घेतला, हे गुपित त्यांनी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

खरं सांगावं तर खिळा गेला, डोकंही गेलं. ‘आठवत नाही’ म्हणावं, तर डॉक्टरसारखं मिळमिळीत होणार. त्यांनी खिळ्याकडे पाहिलं. खिळा नवाकोरा होता, चकाकत होता.

“सांगतो,” ते म्हणाले. “मी आधीपासून टक लावून बसलो होतो. पाणीसुद्धा प्यायलो नव्हतो. म्हटलं, डॉक्टर माणूस हुशार आहे. फॉरवर्ड आला की त्याच्यावर दोन माणसं सोडणार, मधला आला की त्याच्यावर एक. पण गोलकीपरवर? गोलकीपरवर कोण माणूस सोडतो? कोणीच नाही! शिवणीत जशी एक बाजू आतून उघडी ठेवावी लागते, तशी याच्या बचावाची ही बाजू उघडी आहे, हे मला दिसलं.”

“वा!” डॉक्टरच्या तोंडून निघून गेलं.

“पण घाई केली नाही. घड्याळ बघत होतो. बाकावर सगळे तरणेबांड, माझ्याकडे आशेने बघतायत. मी म्हटलं, नाही. आज अनुभव पाठवायचा. आणि या हाताने,” मास्तरांनी उजवा हात वर केला, कोपर मात्र अंगाशी घट्ट धरला, “या हाताने मी आजोबांना उचललं आणि पुढे नेऊन ठेवलं.”

“हात थरथरला नाही?” कंडक्टरने डोळे बारीक केले. तिकीट न काढलेला प्रवासी ओळखायची त्याची सवय दुकानातही सुटत नव्हती.

“छे! डोळ्याची पापणी लवली नाही माझी.”

“कोणी पाहिलं?”

आता मास्तर पुरते रंगात आले होते, आणि रंगात आलेला माणूस कुठे थांबावं ते विसरतो. “म्हणजे काय, घरात साक्षीदार आहे की!” त्यांनी कोपऱ्याकडे हात केला. “ही होती ना घरात. विचारा हिला. अर्थात हिला विचारून तरी काय कळणार म्हणा. फुटबॉल कोणत्या हाताने खेळतात हेसुद्धा बिचारीला ठाऊक नाही!”

सगळे खो खो हसले. दुरुस्तीवाला हसत हसत जर्सीसाठी हँगर शोधायला उठला. “चला मास्तर, खिळा तुमचा. वहिनी, आजोबांचा एकचा आकडा टाका.”

वहिनींनी दाताने दोरा तोडला. जर्सी उलटी करून झटकली. एकचा आकडा तिच्यावर कधीच टाकून झाला होता.

“खोटं,” ती म्हणाली.

हँगर दुरुस्तीवाल्याच्या हातातच राहिला. मास्तरांचा कोपर आपोआप पाठीमागे गेला.

“अगं, तू काय...”

“खोटं!” आता ती उभीच राहिली. “तुम्ही घोरत होता. कॉम्प्युटर बंद करायला मी आले, तर त्या यादीत सगळे खेळतायत आणि हा एकटाच म्हातारा कोपऱ्यात, नावापुढे मान खाली घातलेली. मला बघवेना. त्याला उचलून पुढे मीच ठेवला. गोल करायला मी काही सांगितलं नव्हतं, तो त्याचा मोठेपणा. मला एवढंच वाटलं, एक म्हातारा झोपलाय, तर दुसऱ्याने तरी खेळावं!”