रणगाडे कधी पोचणार

सायखेड्याच्या खंडेरावांचा दिवस युक्रेनच्या बातम्यांनी उजाडायचा. पश्चिमेकडच्या कोणत्या देशानं किती रणगाडे कबूल केले, ते ओट्यावर बसून मोबाइलवर मोठ्यानं वाचायचे आणि उशीर दिसला की त्यांचा पारा चढायचा.

"नुसतं देतो देतो म्हणायचं. तोवर त्या बिचाऱ्यांनी एकट्यानं लढायचं?"

दसरा उद्यावर आला होता. समोरच्या वावरात त्यांच्या पत्नी लंकाबाई एकट्याच झेंडू तोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "खरं हाय. मीबी सकाळपासून 'आलोच, आलोच' ऐकतीये."

खंडेराव ओशाळले आणि धोतर खोचून थेट वावरात उतरले.

लंकाबाईंनी त्यांचे मोकळे हात पाहिले आणि त्यांना हसू आवरेना.

"रणगाडा आला बाई एकदाचा. पण दारूगोळा? फुलं भरायची पाटी राहिली की ओट्यावर."